बत्तीस मिलिमीटर

मिक्सरची ती गोल कळ,
चटणीसाठी जी तुम्ही रोज उजवीकडे फिरवता,
ती माझी.
ओल्या बोटांनी उघडणारं शाम्पूचं झाकण,
तेही माझंच, म्हणजे माझं आणि मार्केटिंगच्या तिघांचं.
तेवीस वर्षं भोसरीत
मी वस्तूंना कडा काढल्या,
कडांना गोलाई दिली,
गोलाईचे अकरा पैसे वाचवायला पुन्हा कडा काढल्या.
नाव कुठेच नाही.
बादलीच्या बुडाशी बोट फिरवलंत तर एक आकडा लागतो,
तो साच्याचा.

आईला शेवटपर्यंत कळलं नाही मी काय करते.
शेजारणींना सांगायची, चित्रं काढते.
बादल्यांची.

आता वेंगुर्ल्याजवळ आलेय. गावाचं नाव उभादांडा
आणि माझं काम काय, तर दांडा:
काजू फोडायच्या यंत्राचा,
पायाने पट्टी दाबून हाताने ओढायचा.
व्यास बत्तीस मिलिमीटर,
कोष्टकातून घेतलेला: भारतीय स्त्री, सरासरी.
वर रबर, रबरावर खवले, घाम निथळावा म्हणून.
रेडकरांच्या शेडमध्ये मी तो स्वतः पिळून बसवला
आणि दोन पावलं मागे सरून
बघत राहिले जरा जास्तच वेळ.

जयवंती आरावंदेकरने दहा बिया फोडल्या.
थांबली.
"हो दांडो माझ्या हातात रवणा नाय.
कोणाच्या हाताचा माप घेतलंस गो?"

कोणाच्या?
हजारो हात मोजले होते कुणीतरी,
बेरीज केली, भागाकार केला.
उरला तो हात
कुणाच्याच मनगटाला लागलेला नाही.

तिचा बघितला मग.
मधल्या बोटाचं एक पेर नाही,
थोरला सातवीत होता त्या वर्षी गेलं, जुन्या यंत्रात.
टरफलाच्या चिकाने तळवा काळा,
भाजलेला, सोललेला, पुन्हा धरलेला,
दिवसातून वीसदा राखेत बुडवून काढलेला.
पुढे ती काही बोलली नाही.
जुन्या लुगड्याची पट्टी दातांनी फाडली,
दांड्याला गुंडाळली, खाली पातळ, वर जाड,
जिथे बोट नाही तिथे एक गाठ.
माझं रबर आत गेलं.
खवले आत गेले.
बत्तीसचे चांगले एक्केचाळीस झाले
आणि बी फुटू लागली,
टक्, टक्, गर अख्खा.

पलीकडे रोझी फर्नांडिसने पट्टी उलटी गुंडाळली.
ती डावरी आहे हे कोष्टकाला माहीत नव्हतं,
मलाही नव्हतं.
तिसरी म्हणाली, "माका नको ती पट्टी, हात घामेजता,"
आणि नुसत्या लोखंडाला राख फासली.

दुपारी शेड मिटल्यावर
मी सुकत घातलेल्या जाळ्यांच्या कडेला बसून चित्र काढलं.
आधी गाठीचं. तंतोतंत, तिन्ही बाजूंनी.
मग गाठ खोडली. ती माझी नव्हती.
उरली एक बारीक सळी
आणि तिच्यावर चार खाचा,
पट्टी घसरू नये इतक्याच.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून पाटणकरांचा फोन:
"मॅडम, ड्रॉइंग अर्धंच आलंय. मूठ कुठाय?"
तेवढंच आहे, म्हटलं.
"पण मूठ?"
ती इथे आहे.
त्यांना वाटलं रेंज जातेय.
हॅलो, हॅलो म्हणत राहिले.

परतले तेव्हा उजव्या तळव्यावर
रुपयाएवढा डाग होता चिकाचा.
साबण, लिंबू, थिनर. गेला नाही.
बैठकीत नव्या इस्त्रीची मूठ टेबलावर फिरत होती,
पांढरीशुभ्र.
सगळे धरून बघत होते, छान म्हणत होते.
माझ्यापर्यंत आली.
डाग लागू नये म्हणून मी डाव्या हाताने उचलली,
आणि डाव्या हातात
ती बसेना.